न म्हटलेलं आमेन

लातूर जिल्हा झाला त्याला वर्ष उलटलं होतं. कलेक्टर आले, कचेरी आली, पाऊस काही आला नाही. उदगीरकडच्या आमच्या खेड्यात दोन दिवसांआड टँकर यायचा. मी तिथल्या छोट्या चर्चचा पाळक. कुणी काहीही विचारलं तरी माझ्याकडे बायबलातलं वचन तयार असायचं, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

एप्रिलात धोंडाबाईंचा नातू त्या टँकरच्या पाण्यानं हगवण लागून गेला. आम्ही सगळ्यांनी गुडघे टेकून त्याच्यासाठी प्रार्थना केली होती. त्यानंतरही धोंडाबाई दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसत. पण प्रार्थना संपली की आमेन म्हणत नसत, ओठ मिटून घेत.

पंचाईत अशी, की प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळी मंडळी पुढे येऊन एकाच प्याल्यातून घेते तो, द्राक्षरस त्याच करत. आमच्याकडे द्राक्षरस म्हणजे मनुका उकळून गाळलेलं पाणी, आणि वीस वर्षं ते काम त्यांचं. मंडळीचे पंच शेषेराव मला म्हणाले, "जिला आमेन जड जातंय, तिच्या हातचा प्याला कसा चालंल, पाळकसाब? काम काढून घ्या."

मला ते पटलंही. शनिवारी मी धोंडाबाईंकडे गेलो. त्या मनुकांचे देठ काढत बसल्या होत्या.

"धोंडाबाई, तुमचा विश्वास उडाला का?"

"ठावं न्हाई, पाळकसाब. आमेन म्हंजे तसंच होवो. लेकराचं झालं ते तसंच होवो, असं कसं म्हनू?"

मी एक वचन सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि त्या देठ काढत राहिल्या.

"मग चर्चला येता कशाला?" मी जरा चिडूनच विचारलं.

"भांडण त्याच्यासंगं हाय. दुसरीकडं जाऊन काय करू?" मग त्यांनी चुलीवरच्या पातेल्याकडे हात केला. "रसाचं पानी आता तीनदा उकळते. तेवढं त्याच्यावर सोडत न्हाई."

घरी परतताना मला माझाच राग आला. बायकोला माती दिली तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं आमेन मीच म्हणालो होतो. लोकांनी माझ्या विश्वासाचं केवढं कौतुक केलं. आत तेव्हा काहीच नव्हतं, आणि अजूनही पुष्कळदा नसतं.

रविवारी मी प्याला हातात घेतला, तर शेषेराव मान खाली घालून बसूनच राहिले. त्यांचं बघून बाकीचेही उठेनात.

मी म्हणालो, "हा रस धोंडाबाईंनीच केलाय. माझ्या बायकोच्या मातीला मी आमेन म्हणालो ते खोटं होतं. काढायचं तर आधी मला काढा."

मी प्याला तसाच पुढे धरला. मग शेषेराव उठले, पुढे आले आणि गुडघे टेकून त्यांनी हात पुढे केला. त्यांच्यामागून बाकीचे आले, पिऊन एकेक जण आमेन म्हणत गेला.

धोंडाबाई सगळ्यांत शेवटी आल्या. प्यायल्या आणि त्यांनी ओठ मिटून घेतले. मी आमेनसाठी थांबलो नाही.