काळ्या पाण्याचं दूध

"बुडवा हात, माई. घाबरू नका. आतली घाण बाहेर पडतेय, पडू द्या."

जहाजाच्या नाचघरात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे संध्याकाळी गाणीबजावणी चालायची. आता मंचावर एक मेज होतं, मेजावर काचेचा भलामोठा वाडगा आणि वाडग्यात फिकट पिवळं पाणी. समोर खुर्च्यांवर, खुर्च्यांच्या मधे, गालिच्यावर माणसंच माणसं. कुणी पोट धरून वाकलेलं, कुणाच्या मांडीवर ओकारीसाठी कागदी पिशवी. मंचावरच्या म्हाताऱ्या बाईने तळवे पुढे केले. मेजामागच्या माणसाच्या शिष्येने त्यांना पांढरी पूड चोळली. हात पाण्यात गेले मात्र, दौत लवंडावी तसं पाणी काळंनिळं झालं.

मागची माणसं माना उंचावून बघू लागली.

"हा तुमचा रोग," मेजामागचा माणूस मृदू आवाजात म्हणाला. "डॉक्टरांनी कधी दाखवला होता असा? ते म्हणतात विषाणू. मी विचारतो, कुठाय विषाणू? रोग म्हणजे काय? 'रो' म्हणजे रोष आणि 'ग' म्हणजे गर्व. स्पंदनं बिघडली की पोट बिघडतं."

त्याने चांदीच्या डबीतून चिमूटभर काहीतरी घेतलं, मुठीत धरून त्यावर लांबलचक फुंकर घातली आणि मूठ पाण्यावर उघडली. काळं पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं झालं. कुणी हुंदका दिला, कुणी हात जोडले. त्याच दुधाचे तीन थेंब त्याने म्हातारीच्या जिभेवर सोडले. शिष्येने वाडगा बादलीत रिता केला, टॉवेलने पुसला आणि पुढच्या माणसासाठी त्यात पुन्हा पिवळं पाणी ओतलं.

"आता उद्यापर्यंत पोटात पाण्याचा थेंब नाही, औषध नाही. पोट रितं ठेवा, म्हणजे ते शुद्ध होईल."

मागच्या भिंतीला टेकून एक शाळामास्तरीण बाई हे सगळं बघत होत्या. शाळेत रसायनशास्त्र शिकवून त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते, त्यामुळे पाणी काळं पडताना त्यांच्या छातीत धस्स वगैरे काही झालं नाही. हा तर नववीच्या वर्गातला प्रयोग! त्यांना हसूच आलं असतं, पण हसण्यासारखी वेळ नव्हती. त्यांची नणंद सासूबाईंना आधार देत रांगेत पुढे सरकत होती, आणि आता त्यांचाच नंबर होता.

तिघी मोठ्या हौसेने निघाल्या होत्या. सासूबाईंना आयुष्यात एकदा चारी बाजूंना नुसतं पाणी बघायचं होतं. नवऱ्याला रजा मिळाली नाही, तेव्हा नणंद म्हणाली, "आपण बायकाच जाऊ." सुरुवातीचे दिवस मजेत गेले. मग खालच्या मजल्यावरच्या कुणाला तरी उलट्या झाल्या, मग त्याच्या बायकोला, मग शेजारच्या टेबलावरच्यांना. जेवणघर बंद झालं. खोल्यांच्या दारांबाहेर जेवणाच्या थाळ्या ठेवल्या जाऊ लागल्या आणि अर्ध्याअधिक तशाच परत जायच्या. लिफ्टमधे, जिन्यांत, सगळीकडे क्लोरीनचा आणि त्याखाली दबलेला आंबूस वास. पुढच्या बंदराने जहाज धक्क्याला लावू द्यायला नकार दिला. जहाज किनाऱ्यावरचे दिवे दिसतील एवढ्या अंतरावर नांगर टाकून उभं राहिलं, आणि माणसं हवालदिल झाली.

अशात फुंकरबाबा प्रकटला. भक्त त्याला महाराज म्हणत. फुंकरबाबा हे नाव बाईंनी ठेवलेलं. तो आपल्या मंडळींसह सहलीलाच आला होता.

"ताई, आईंना घेऊन परत चला," बाई गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या. "त्या पाण्यात आयोडीन आहे. ती पूड म्हणजे पिठूळ स्टार्च आहे. माझी शाळेतली पोरं हे करतात."

"हळू बोल ना गं!" नणंदेने डोळे वटारले. "आईची अवस्था बघतेयस ना? तुझ्या त्या डॉक्टरने काय केलं? मीठ-साखरेचं पाणी दिलं. ते तर मीही घरी देते."

"तेच औषध आहे, ताई. अंगातलं पाणी जातंय, ते भरून काढायचं."

"आणि इथे घाण बाहेर पडताना दिसतेय, तिचं काय?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्यांचे ओठ कोरडे पडून सोलले होते. "भांडू नका गं दोघी," त्या पुटपुटल्या. "तिच्या मनासारखं होऊ दे. हात तर बुडवायचाय."

हात बुडले. पाणी काळं झालं, पांढरं झालं. तीन थेंब जिभेवर पडले.

बाई तडक दवाखान्यात गेल्या. जहाजाचा डॉक्टर पडद्यामागे एका लहान मुलीला सलाईन लावत होता. त्याचे डोळे तारवटलेले होते. बाईंनी सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं.

"मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?" तो म्हणाला. "मी कॅप्टनना दोनदा सांगितलं. ते म्हणतात, लोक चिडलेत, घाबरलेत, तिथे बसून शांत तरी राहताहेत. बंद केलं तर दंगा होईल."

"आणि त्या वाडग्यात शंभर आजारी माणसांचे हात जाताहेत, तेच पाणी तोंडात जातंय, त्याचं काय?"

डॉक्टर म्हणाला, "तुमच्या सासूबाईंना काहीही करून पाणी पाजत राहा. घोट घोट. उलटी झाली तरी पुन्हा."

पण खोलीचं दार नणंदेने आतून लावून घेतलं होतं. "महाराजांनी सांगितलंय, उद्यापर्यंत काही नाही. तू येऊन नाट लावू नकोस." बाईंनी दार ठोठावलं, विनवण्या केल्या, चिडल्या, शेवटी रडल्यासुद्धा. आतून सासूबाईंचा आवाज आला, "सूनबाई, जरा पाणी..." आणि लगेच नणंदेचा, "आई, थोडा धीर धर ना गं. बरी होतेयस तू."

जहाजावरच्या कर्मचाऱ्यांना आणून दार उघडेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. सासूबाईंच्या हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. डोळे खोल गेले होते. डॉक्टरला शीर सापडेना. सापडली तेव्हा सलाईन चढू लागलं, पण म्हातारं हृदय आणि मूत्रपिंडं तोवर थकली होती. सकाळी त्या गेल्या. समुद्राकडच्या खिडकीबाहेर नुसतं पाणी होतं.

नणंद रडली नाही. पलंगाच्या कडेवर बसून राहिली, हातात आईची चादर घट्ट धरून.

दुपारी वार्ता आली की फुंकरबाबाने नाचघरात सांगितलंय: "त्या माउलीच्या घरातच एक शंकेखोर बाई होती. शंका हे विष आहे. त्या विषाने तिला नेलं."

ते ऐकून नणंदेने मान वर केली आणि बाईंकडे बघितलं. त्या नजरेत क्षणभर खरोखरच आरोप होता. बाईंना तो बघवला नाही. त्या उठल्या, दवाखान्यात जाऊन डॉक्टरला म्हणाल्या, "मला क जीवनसत्त्वाच्या चार गोळ्या द्या. आणि माझ्याबरोबर चला. आज कॅप्टनना विचारायला थांबू नका."

वाटेत स्वयंपाकघरातून त्यांनी एक बटाटा, सुरी आणि चमचा मागून घेतला.

नाचघरात आज गर्दी जास्तच होती. आजारी वाढले होते ना. बाई सरळ मंचावर चढल्या. "हीच ती!" कुणीतरी ओरडलं. "खाली उतरा!" एकाने रिकामी बाटली फेकली, ती मेजावर आपटून घरंगळत गेली.

"माझी सासू आज सकाळी वारली," बाई म्हणाल्या. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारा तो आवाज होता. "मला पाच मिनिटं द्या. मग ढकलून द्या हवं तर समुद्रात."

माणसं गप्प झाली, मेलेल्या माणसासाठी होतात तशी.

बाईंनी बटाटा कापला आणि त्याची फोड फुंकरबाबाच्या वाडग्यात, त्याच्याच पिवळ्या पाण्यात टाकली. फोड काळीनिळी पडली. त्यांनी चमच्याने ती वर काढून सगळ्यांना दाखवली.

"महाराज, हा बटाटा आहे. याला कसला रोष आणि कसला गर्व?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच दचकून थांबलं.

"या पाण्यात आयोडीन आहे, जखमेला लावायचं. बटाट्यात स्टार्च असतो, त्या पुडीतही तोच. दोन्ही भेटले की रंग काळा. हातात रोग असो नसो." त्यांनी स्वतःचे धुतलेले हात पुडीत घोळवले आणि बुडवले. पाणी गडद काळं झालं. मग डॉक्टरकडच्या गोळ्या चमच्याने चुरून वाडग्यात टाकल्या आणि ढवळल्या. काळं पाणी पांढरं झालं. "आणि हे क जीवनसत्त्व. आयोडीनचा रंग घालवतं. उरतो तो पिठाचा गढूळपणा. त्यालाच तुम्ही दूध म्हणत होतात. फुंकर मी घातली का?"

फुंकरबाबा हसत म्हणाला, "रसायनं असतील. पण भावना—"

"भावना राहू द्या बाजूला. हेच तीन थेंब तुम्ही घ्या ना."

"मी शुद्ध आहे. मला गरज नाही."

"गरज नाही हो. लोकांसाठी. लोक रोज घेतातच आहेत."

त्याने वाडग्याकडे बघितलं. पहिल्या दिवसापासूनचा तोच वाडगा, बाजूला तोच पुसायचा टॉवेल. त्याचा हात काही पुढे झाला नाही. सगळं नाचघर तो हात बघत होतं. शिष्येने हळूच टॉवेल खाली ठेवला आणि आपले हात झग्याला पुसू लागली.

"पण मी बरा झालो!" एक धिप्पाड माणूस उभा राहिला. "इथे आलो, दुसऱ्या दिवशी ठणठणीत. त्याचं काय?"

"इथे आलात तेव्हा आजाराचा कितवा दिवस होता?" डॉक्टरने विचारलं.

"दुसरा... तिसरा असेल."

"हा आजार दोन-तीन दिवसांत बहुतेकांचा आपोआप उतरतो. खोलीबाहेर न पडलेलेही तसेच बरे झालेत. अवघड जातं ते म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना. त्यांच्या अंगातलं पाणी संपतं." त्याने वाडग्याकडे बोट केलं. "आणि तुम्ही इथे एकमेकांच्या हातांचं धुवण पीत होतात. ज्यांना नव्हता त्यांनाही झाला तो इथूनच."

समोरच्या रांगेतली एक बाई पदराने स्वतःची जीभ पुसायला लागली. मग रडायला लागली. पाठोपाठ खुर्च्या सरकल्या, माणसं उठली, कुणी फुंकरबाबावर धावून गेलं. डॉक्टर मधे पडला म्हणून तो वाचला. खलाशांनी त्याला धरून त्याच्या खोलीत बंद केलं. कॅप्टनने त्या दिवशी नाचघराला कुलूप लावलं. दंगा झाला नाही; उलट जिन्यांवर एकदम शांतता पसरली, लाज वाटल्यासारखी.

बाई खोलीत परतल्या तेव्हा नणंद तशीच बसलेली होती. कुणीतरी तिला सगळं सांगितलं होतं.

"म्हणजे मी तिला मारलं," ती म्हणाली. "पाणी मागत होती गं ती. माझ्याकडे मागत होती."

बाईंना नाही म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण आज त्यांना एकही खोटा शब्द बोलायचा नव्हता. त्या शेजारी बसल्या.

"आई जगाव्यात असं तुम्हालाही वाटत होतं, ताई. माझ्याइतकंच. त्याने तुमची भीती बघितली आणि तुम्हाला विचार करायला वेळच दिला नाही."

नणंद खूप वेळ रडली. मग उठली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि बाहेर पडली. बाई घाबरून तिच्या मागे गेल्या.

नणंद बाहेरच्या बोळातल्या पहिल्या दारात उभी होती. आत एक तरुण आई मलूल झालेल्या लेकराला छातीशी धरून होती, हातात कुठलासा ताईत.

"बाळाला पाणी देताय ना?" नणंदेने विचारलं.

"पोट रितं ठेवायला सांगितलंय..."

"कुणी सांगितलं ते जाऊ द्या. कसं बरं करणार, ते विचारलंत का? आणि त्याने स्वतः ते प्यायलं का, हे बघितलंत?" तिने बाळाच्या कपाळावर हात ठेवला. "माझी आई आज गेली. मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा. माझं सांगणंसुद्धा तपासून बघा, डॉक्टर वर आहेत. पण आधी याला मीठ-साखरेचं पाणी पाजा. चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर पुन्हा."

त्या आईने ताईत बाजूला ठेवला आणि पेला घेतला. लेकराने पहिला चमचा गिळला. नणंद पुढच्या दाराकडे वळली.