श्वास घेणारी इमारत

तळमजल्याच्या दालनात उभं राहायला जागा नव्हती. जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं, लिफ्टच्या दारात माणसं, टपालपेट्यांना टेकून माणसं. सगळ्यांचे डोळे समोरच्या भिंतीकडे लागले होते. तिथे पितळेची एक पाटी होती, पाटीच्या वर काचेचं मोठं पान होतं आणि ते आतून हिरवंगार उजळलेलं होतं.

पानाखाली पानसाहेब उभे होते. त्यांना खरं नावही होतं, पण ते कोणाच्या तोंडी नव्हतं. या इमारतीला 'हरित', म्हणजे निसर्गाला जपणारी इमारत, असं प्रमाणपत्र आणि त्याची ती पाटी मिळवून देण्याचं काम त्यांनी केलं होतं. ते काम केव्हाच संपलं, तरी पानसाहेब दर रविवारी येत. येताना बाहेरची दहा-पाच माणसं घेऊन येत. पलीकडच्या रस्त्यावर अशीच दुसरी इमारत उभी राहत होती आणि तिथली घरं अजून विकायची होती.

त्यांनी खिशातून पातळ कागदाचा तुकडा काढला, भिंतीतल्या जाळीजवळ नेला आणि सोडून दिला. कागद खाली पडला नाही. तो जाळीला जाऊन चिकटला आणि तिथेच थरथरत राहिला. गर्दीतून एक लांबलचक 'अहाहा' उमटलं.

"ही इमारत श्वास घेते," पानसाहेब हळू आवाजात म्हणाले. "आजवर तुम्ही घरात राहत होतात. इथे घर तुमच्यात राहतं."

याचा अर्थ कोणालाच कळला नाही, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

मागे खांबाला टेकून आत्या उभी होती. आत्या म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांची धाकटी बहीण. दुसऱ्या गावी शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीला भावाकडे आली होती. आल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. घरात बसवत नव्हतं. या खोलीतून त्या खोलीत नुसत्या फेऱ्या चालल्या होत्या. काय खुपतंय ते मात्र तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात पानसाहेबांनी गर्दीतून एका मुलीला पुढे बोलावलं. ती आत्याची भाची होती. तिला लहानपणापासून दमा. छातीतून बारीक सूर निघायचा, म्हणून मैत्रिणींनी तिचं नाव 'शिट्टी' ठेवलं होतं आणि तिनेही ते हसत स्वीकारलं होतं. पानसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या रविवारी पाटीचा वाढदिवस आहे, त्या दिवशी ही मुलगी आपला औषधाचा पंप सगळ्यांदेखत काचेच्या पेटीत ठेवेल आणि तो पुन्हा हातात घेणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. पंप ही कुबडी आहे. इमारत श्वास घेत असताना माणसाला कुबडी कशाला?

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टाळ्या दादाने, म्हणजे शिट्टीच्या बापाने वाजवल्या. आत्याला मात्र टाळ्यांच्या आवाजातही त्या छातीतला सूर ऐकू येत होता.

घरी आल्यावर भावाबहिणीची जुंपली. आत्याने विचारलं, डॉक्टरांना विचारलंस का? दादा म्हणाला, डॉक्टर काय, जन्मभर औषध चालू ठेवा म्हणणारच. तिची धाप वाढलीय हे दिसत नाही का, आत्याने विचारलं. दिसतं, पण पानसाहेब म्हणतात की जुना दोष बाहेर पडतोय, बाहेर पडताना त्रास व्हायचाच.

"म्हणजे बरं वाटलं तर इमारतीमुळे, आणि त्रास वाढला तरी इमारतीमुळेच," आत्या म्हणाली. "दादा, तुझ्या दुकानात एखादं गिऱ्हाईक आलं, नव्या चष्म्यातून आधीपेक्षा कमी दिसतंय म्हणालं, तर तू त्याला जुना दोष बाहेर पडतोय असं सांगशील का?"

दादा चिडला. जुनं घर विकून, मुलीसाठी म्हणून हे घर घेतलं होतं. बहीण सुट्टीला येऊन त्यात खोड काढते, हे त्याला कसं सोसावं? तो पाय आपटत बाहेर पडला. वहिनीने मग आत्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पिठाच्या डब्यामागे लपवलेला दुसरा पंप दाखवला.  तिचे डोळे भरून आले होते.

आता आत्याला स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. ती शिट्टीला घेऊन रोज बागेत जाऊ लागली. जाताना आणि येताना एकच प्रश्न विचारायचा, आत्ता श्वास कसा आहे? शिट्टीला या खेळाची गोडी लागली. आठवडा सरत आला तेव्हा तीच म्हणाली, "आत्या, बागेत मला मोकळं वाटतं. घरात आलं की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. असं उलटं कसं?"

"चांगला प्रश्न. उत्तर मला माहीत नाही. आपण शोधू."

घर नवं होतं. कपाटांना अजून डिंकाचा आणि रंगाचा वास होता. सकाळी खिडकीच्या काचा आतून ओल्या व्हायच्या. खिडक्या मात्र उघडायच्या नाहीत, असा समितीचा नियम होता आणि समितीचा चिटणीस दादाच होता. नियमाचं कारण एकच: खिडक्या उघडल्या की वातानुकूलन यंत्रं जास्त चालतात आणि पान पिवळं पडतं. या इमारतीत पान पिवळं पडणं म्हणजे घरावर संकट. कामावर जाताना लोक आधी पानाकडे बघत, मगच पाऊल बाहेर टाकत. एकदा पान दिवसभर पिवळं राहिलं, तर बँकवाले काका रजा टाकून घरी बसले होते.

"हे पान नेमकं काय मोजतं?" आत्याने एक दिवस बँकवाल्या काकांना विचारलं.

"सगळंच मोजतं की," काका म्हणाले. "हवा, पाणी, आरोग्य, नशीब."

शिट्टी मध्येच म्हणाली, "पानाच्या मागून एक तार जाते. ती कुठे जाते ते बघूया का?"

दोघी तारेचा माग काढत निघाल्या. तार भिंतीवरून वळली, जिन्याखाली गेली आणि विजेच्या मीटरांच्या खोलीत शिरून मुख्य मीटरला जोडली गेली. बस्स. हवेच्या नळाकडे नाही, पाण्याकडे नाही, नशिबाकडे तर नाहीच. वीज कमी जळली की पान हिरवं, जास्त जळली की पिवळं. एवढंच त्या पानाचं ज्ञान.

शिट्टी खुदकन हसली, पण लगेच गंभीर झाली. "मग कागद का चिकटतो?"

"त्यासाठी," आत्या म्हणाली, "आपल्याला निलगिरीचं तेल लागेल."

रविवार उजाडला. दालन पुन्हा खच्चून भरलं. काचेची पेटी मांडली होती, तिच्यात मखमल अंथरली होती. पान हिरवं होतं. पानसाहेबांनी कागद चिकटवून दाखवला, शिट्टीला पुढे घेतलं आणि पंपासाठी हात पुढे केला. शिट्टीने पंप मुठीत घट्ट धरला होता. तिने बापाकडे पाहिलं. दादाने हसून मान हलवली, दे, दे.

आत्या वाट काढत पुढे आली.  मुलीने पंप देण्याआधी इमारतीच्या श्वासाचा वास घेऊ द्या, एवढंच तिने मागितलं. पानसाहेब दिलदारपणे हसले. आजवर कोणी हरकत घेतली नव्हती, तेव्हा हरकतीचं काय करायचं याची त्यांना सवय नव्हती.

शिट्टीने कागदावर निलगिरीचं तेल भरपूर ओतलं आणि कागद जाळीवर ठेवला. तो चिकटला.  दालनाच्या दुसऱ्या टोकाला, टपालपेट्यांच्या वर, छताला आणखी एक जाळी होती. तिच्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खुर्चीवर बसल्या होत्या. थोड्या वेळाने आजींनी नाक वर केलं.

"अगबाई, इथे निलगिरी कोणी शिंपडली?"

माणसं तिकडे धावली. वास अगदी ठळक येत होता. आत्याने समजावलं, तिथल्या जाळीतून पंखा हवा आत ओढतो आणि इथल्या जाळीतून बाहेर सोडतो. तीच हवा फिरून फिरून आपल्याकडे येते. कोणत्याही पंख्याच्या पाठीमागे कागद धरा, तो चिकटेल. मग पंखाही श्वास घेतो म्हणायचं का?

पानसाहेबांनी घाम पुसला. "ही हवा शुद्ध होऊन येते, बाई. आतमध्ये गाळणी आहे."

"गाळणी धूळ अडवते. वास अडवत नाही, हे आत्ता सगळ्यांच्या नाकांनीच सांगितलं," आत्या म्हणाली. "मला एवढंच सांगा, बाहेरची ताजी हवा कुठून येते?"

पानसाहेब खिशात दुसरा कागद शोधू लागले. उत्तर दिलं बँकवाल्या काकांच्या मुलाने, तो स्वतः इमारतींचे आराखडे करायचा. प्रमाणपत्राच्या आराखड्यात ताज्या हवेचे पंखे आहेत, ते गच्चीवर असायला हवेत, असं तो म्हणाला. मग काय, सगळी गर्दी जिन्याने वर निघाली. पानसाहेबांनी आणलेली माणसंही निघाली. खुद्द पानसाहेब लिफ्टची वाट बघत खालीच राहिले.

गच्चीवर पंखे होते. मोठे, उत्तम बनावटीचे. हवा आत घेणारी त्यांची तोंडं मात्र जाड प्लास्टिकने झाकलेली आणि चिकटपट्टीने चारी बाजूंनी घट्ट बंद केलेली होती. इतकी नेटकी की एका कडेलाही सुरकुती नव्हती.

तो नेटकेपणा आत्याने लगेच ओळखला. लहानपणी वह्यांना कव्हरं घालावीत तर दादानेच. तिने त्याच्याकडे पाहिलं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तो अडखळत बोलू लागला. पान सारखं पिवळं पडायचं. पानसाहेबांनी सांगितलं, हे पंखे वीज खातात, बंद करा आणि धूळ शिरू नये म्हणून तोंडं झाकून टाका, खाली तर इमारत श्वास घेतेच आहे. समितीने ठरवलं, त्याने हाताने केलं. त्या दिवसापासून पान कधी पिवळं पडलं नाही. केवढा आनंद झाला होता त्याला.

 बँकवाले काका उसळले. पाटी उखडून काढा, प्रमाणपत्र फाडा, सगळी लबाडी आहे. आणखी चार-पाच जणांनी री ओढली.

आत्या त्यांच्या आड आली. "काका, पाटी खोटी नाही. हे पंखे इथे का आहेत? ते बसवल्याशिवाय पाटी मिळत नव्हती, म्हणून आहेत. भिंती उन्हाने तापत नाहीत, पाणी वाया जात नाही, तेही त्या तपासणीमुळे. तपासणारे आले, त्या दिवशी पंखे चालू होते, हवा चांगली होती, त्यांनी तसं लिहून दिलं. पुढे आपण पंख्यांची तोंडं बांधली, ते पाटीला कसं कळणार? शाळेत मूल पहिलं आलं, की त्याने पुढे अभ्यास केलाच नाही तरी चालतं का?"

तिने आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. ताजी हवा आली म्हणून दमा पळून जात नाही. त्रास कमी होईल, कदाचित बराच कमी होईल, पण औषध डॉक्टर सांगतील तसंच चालू राहील. नाहीतर आपण पानाच्या जागी पंख्याला पूजायला लागू.

दादा पुढे झाला आणि चिकटपट्टी ओरबाडू लागला. नखं लागेनात. बाकीचे मदतीला आले. प्लास्टिक निघालं, कोणीतरी खाली जाऊन खटका दाबला आणि पंखे घरघरत फिरू लागले. खालून निरोप आला, पान पिवळं पडलं आणि पानसाहेब दिसत नाहीत. या वेळी कोणी घाबरलं नाही.

दादा शिट्टीसमोर गुडघ्यांवर बसला.  मुलीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, तू रोज सकाळी पानाकडे बघायचास," ती म्हणाली. "मला एकदा तरी विचारायचंस ना, श्वास कसा येतोय म्हणून. मी खरं सांगितलं असतं."

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, इमारतींना गुण देणारी माणसं जरूर असावीत. त्यांनी प्रश्न विचारले म्हणून घरं बरी बांधली जातात. पण गुण कशाला दिले, कोणत्या दिवशी दिले आणि त्यानंतर कोणी पुन्हा पाहिलं का, हे विचारणं आपलं काम आहे, ते कोणतीही पाटी आपल्यासाठी करत नाही. आणि घर चांगलं आहे का, हे जाणून घ्यायचं असेल तर भिंतीकडे पाहण्याआधी आत राहणाऱ्या माणसाजवळ बसा. त्याला विचारा. तो उत्तर देईपर्यंत थांबा.