चुंबकात बसलेला खडा

त्या दिवशी सकाळपासून दाट धुकं होतं. खिडकीच्या काचा घामेजल्या होत्या आणि प्रयोगशाळेत काहीच लवकर वाळत नव्हतं. ना पुसलेली फरशी, ना माझ्या अंगावरचे चांदीचे ठिपके.

मी एक खडा बोलतोय. तिळाहून थोडा मोठा, चकचकीत. शिकलेले लोक मला स्फटिक म्हणतात. नायोबियम नावाचा धातू आणि फॉस्फरस यांची पूड एका बंद नळीत घालून भट्टीत ठेवली, तिची वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन सावकाश बसत गेली, आणि मी झालो. घाई केली असती तर नुसती भुकटी हाती आली असती.

मला वाढवलं एका पोरीनं. बोलायला कमी, बघायला जास्त. तिच्या शेजारी काम करणाऱ्याला ती दादा म्हणायची. तो तिच्या आधीपासून तिथं होता, आणि थट्टेखोर.

मला काही शिक्षण नाही. कानावर पडलं तेवढं सांगतो. माझ्यातून वीज जाते. आडवं चुंबक लावलं की तिची वाट वाकडी होते आणि मी तिला पुष्कळ अडवतो. हे माझं रोजचं. पण वीज जाते त्याच दिशेनं चुंबक लावलं तर? आमच्यासारख्या खड्यांत विजेचे कण दोन तऱ्हेचे असतात म्हणे, डावरे आणि उजवे. तसं चुंबक लावलं की एकीकडचे काही कण दुसरीकडे जाऊन मिळतात, वाट सोपी होते, आणि अडथळा वाढायचा सोडून कमी होतो. माझ्यात हे होतं का, एवढंच पोरीला बघायचं होतं. आधीचे खडे तुटले, फुटले. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या हाताखालचा तिचा पहिला शोधनिबंध आता माझ्यावर अवलंबून होता.

मला चार तारा जोडतात. टोकांच्या दोन वीज सोडायला, मधल्या दोन अडथळा मोजायला. तारा चिकटवायचा चांदीचा लेप वाळेना, म्हणून तिनं टोकांच्या मधोमध अगदी बारीक ठिपके दिले, मोजायच्या तारा बाजूच्या कडेला चिकटवल्या, आणि मला गारठलेल्या टाकीत, चुंबकाच्या पोटात सोडलं.

विजेच्याच दिशेनं चुंबकाचा जोर वाढवला, तशी पडद्यावरची अडथळ्याची रेघ खाली गेली.

"घसरली की गं!" दादा म्हणाला. "चहा तुझ्याकडून. जा, बाईंना सांगून ये."

"थांब जरा."

"आता कशाला थांबायचं? मागचा खडा तुटला तेव्हा तोंड पाडून बसली होतीस, हा नीट वागतोय तरी तेच तोंड."

"फारच छान आलीय रे रेघ. म्हणून भीती वाटतेय."

मलाही नवल वाटलं. माझ्या पोटात असं काही चालतं आणि मलाच पत्ता नाही?

तिनं मला बाहेर काढलं. मोजायच्या तारा कडेवरून सोडवल्या, ठिपक्यांच्या रेषेत मधोमध चिकटवल्या, आणि पुन्हा आत सोडलं. आता रेघ वर गेली.

दादा पडद्याकडे वाकला. "खडा तोच ना?"

"तोच. तारा हलवल्या तर रेघ उलटी. वीज याच्या सगळ्या अंगातून जातच नव्हती. ठिपक्यातून शिरली आणि चुंबकानं तिला एका बारीक धारेत धरून ठेवलं. कडेच्या तारांपर्यंत ती पोचलीच नाही."

"म्हणजे अडथळा कमी भासला."

"भासला. झाला नाही."

मग तिनं माझी दोन्ही टोकं पूर्ण चांदीनं माखली, वीज सगळ्या अंगातून जावी म्हणून. लेप वाळायची वाट बघत ती हातावर हात ठेवून बसून राहिली. या वेळी रेघ खाली उतरलीच नाही.

"बाईंना काय सांगशील?" दादानं हळूच विचारलं.

"दिसलं ते."

ती बाईंच्या खोलीत गेली. परतली तेव्हा डोळे लाल होते. "बाई म्हणाल्या, बरं झालं आपल्यालाच कळलं. दुसरा खडा घे, आणि टोकं आधीच माखून घे."

आता मी डबीच्या कप्प्यात पडून आहे. मला खोटा म्हणू नका. मला विचारलं तसं मी उत्तर दिलं.

शेजारच्या कप्प्यात माझ्याच नळीतला एक खडा आहे, कोपरा उडालेला. पोरीचा चिमटा डबीकडे येताना बघून तो म्हणाला, "आता मला नेतायत वाटतं. माझ्यात काय आहे ते मलाही ठाऊक नाही. बघू तरी."