बँडचे सासरेबुवा

शहरातल्या ज्या पाच-सहा हॉलांत फारसे कोणाला माहीत नसलेले बँड वाजवायचे, तिथे त्यांना सगळे सासरेबुवा म्हणत. दारात मनगटावर शिक्का मारणारी मुलगी म्हणे, आवाजाची बटणं सांभाळणारा दाढीवाला म्हणे, आणि ते नक्की कोणाचे सासरे याचा ज्यांना पत्ता नव्हता तेही म्हणत. नाव पाडलं होतं त्यांच्या सुनेनं. ती बँडमध्ये गायची आणि गिटार वाजवायची. पहिल्याच वेळी तिनं माईकवरून सांगून टाकलं, "आज आमचं सामान ज्यांच्या गाडीतून आलं ते माझे सासरेबुवा. मागे खांबाला टेकून उभे आहेत बघा. होऊन जाऊ दे जोरात!" सगळा हॉल मागे वळला, टाळ्या-शिट्ट्या झाल्या, आणि सासरेबुवांना कुठे तोंड लपवू असं झालं.

खरं तर ते नुसते गाडी चालवायला गेले होते. जन्मभर त्यांनी एका मोठ्या लाँड्रीची गाडी चालवली. हॉस्पिटलांतून आणि लॉजमधून मळक्या चादरी उचलायच्या, धुतलेल्या नेऊन टाकायच्या. नोकरी संपताना मालकानं ती जुनी गाडीच निरोपाची भेट म्हणून त्यांच्या गळ्यात मारली. बायको जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरात ते, मुलगा आणि सून. बँडच्या सामानाला वाहन मिळेना, तेव्हा सून म्हणाली, "बाबा, तुमची गाडी नुसती उभीच असते ना?" झालं. ड्रम, स्पीकर, वायरींची खोकी, सगळं साबणाच्या वासाच्या त्या गाडीत बसलं.

मुलगा कधी गेला नाही. विमा कंपनीत तो अपघातांचे दावे तपासायचा. संध्याकाळी घरी आला की त्याला शांतता लागायची. मोठ्या आवाजानं त्याचं खरोखर डोकं उठायचं, त्यात नाटक नव्हतं. सासरेबुवांनाही पहिल्या दिवशी आत कोणीतरी छातीवर गुद्दे मारतंय असं वाटलं. त्यांनी कानात कापूस कोंबला. पण तिसऱ्या की चौथ्या गाण्याला सुनेनं डोळे मिटले आणि एक ओळ अशी ओढून धरली की त्यांनी एका कानातला कापूस हळूच काढला.

मग चटकच लागली. फर्निचरच्या दुकानाखालचं तळघर, जिथे छताचे पाइप घामेजायचे. मोटारी धुण्याच्या जागेमागची पत्र्याची शेड. बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावाचा हॉल, तिथे प्रत्येक सूर भिंतींवर आपटून दुप्पट व्हायचा आणि दाढीवाला कपाळाला हात लावायचा. सुनेच्या आधी-नंतर वाजवणारे बँडही ते ऐकायचे. कोणता गायक शब्द खातो, कोणाच्या बँडमध्ये आतून धुसफुस आहे, हे त्यांना कळायला लागलं. सुनेच्या बँडचा ड्रमर इतका काटकुळा होता की त्याला सगळे खिळा म्हणायचे. सासरेबुवा त्याला येताना पाव आणि उकडलेली अंडी आणायचे. "खा रे, नाहीतर एखाद दिवशी स्वतःच्याच ठोक्यानं उडून जाशील."

लोकांना सर्वांत आवडायचं ते 'ओला टॉवेल' नावाचं गाणं. अंघोळ करून ओला टॉवेल गादीवर टाकणाऱ्या नवऱ्याचं. हॉलमधली सगळी पोरं ते बेंबीच्या देठापासून ओरडून म्हणायची. तो टॉवेल कोणाचा हे तिथे फक्त सासरेबुवांना माहीत होतं. पहिल्यांदा घरात ते गाणं ऐकून मुलगाही खो खो हसला होता.

पुढे तो हसायचा बंद झाला. मोठं भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर एक वेळ समजूत तरी घालता आली असती. दोघं एकमेकांशी इतकं सांभाळून बोलायला लागले की ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरावा. एक दिवस मुलानं जेवताना सांगितलं, "बाबा, आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय." सून ताटाकडे बघत होती. सासरेबुवांनी विचारलं, "नक्की ना?" आणि दोघंही एकदमच "हो" म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालेलं ते तेवढंच.

तिचं सामान त्यांनीच गाडीतून तिच्या नव्या खोलीवर पोचवलं. तिनं गिटार उचलली, त्यांनी कपाटातल्या कपड्यांची गाठोडी. उतरताना दोघं फारसं बोलले नाहीत. त्याच आठवड्यात तलावाच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. खिळ्याचा फोन आला, "गाडी किती वाजता आणताय?" आणि सासरेबुवा गेले. न जाण्याचं कारण त्यांना सुचलं नाही. पोचल्यावर दारातली मुलगी नेहमीसारखीच ओरडली, "सासरेबुवा आले!" सून वायरी सोडवत होती. तिनं वर पाहिलं, हसली आणि पुन्हा मान खाली घातली.

असंच चालू राहिलं. मधल्या काळात फर्निचरच्या दुकानदारानं तळघराचं गोदाम केलं. पत्र्याच्या शेडवर शेजाऱ्यांनी तक्रार केली, ती बंद झाली. दोन-तीन बँड मोडले, त्यातली पोरं नोकऱ्यांना लागली. यायचे ते लोकही कमी झाले. मुलानं दुसरं लग्न केलं. नवी सून दातांच्या दवाखान्यात काम करायची. मनमोकळी होती, सासऱ्यांच्या चहात साखर किती हे तिनं दुसऱ्याच दिवशी लक्षात ठेवलं. तिच्याबद्दल बोट ठेवायला जागा नव्हती. म्हणूनच बहुधा मुलाचा पारा चढायचा.

"बाबा, तुम्ही अजून तिच्या कार्यक्रमांना जाता," एकदा तो म्हणाला. त्यानं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"गाडी लागते त्यांना."

"शहरात दुसऱ्या गाड्या नाहीत? घरात हिला काय वाटत असेल?"

"तिनं काही म्हटलं का?"

"ती नाही म्हणणार. म्हणून मी म्हणतोय." मग जरा थांबून तो म्हणाला, "माझं लग्न मोडलं बाबा, तुमचं नाही."

सासरेबुवांनी ते ऐकून घेतलं. पण पुढच्या कार्यक्रमाला ते गेलेच.

तो दुपारचा कार्यक्रम होता, तलावाच्या हॉलमध्ये. सुनेनं नवीन गाणं आणलं होतं. संथ, जवळजवळ कुजबुजल्यासारखं, एकटीनं जेवण्याबद्दलचं. गाणं संपलं तेव्हा हॉल अगदी गप्प होता. आणि त्या शांततेत मागून कोणीतरी आरोळी ठोकली, "ओला टॉवेल! सासरेबुवांसाठी ओला टॉवेल!" लोक हसले. दोन-चार जणांनी ताल धरला, "सासरे-बुवा, सासरे-बुवा." सासरेबुवांनी हातानं नको नको केलं. ते लोकांना आणखीच गमतीचं वाटलं. सुनेनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि गाणं सुरू केलं. तिनं ते पूर्ण म्हटलं, पण डोळे एकदाही मिटले नाहीत.

नंतर सामान भरताना ती गाडीपाशी आली. बाकीचे आत होते. तिनं स्पीकरवर चादर टाकली, तिची टोकं खोचली, पुन्हा काढून पुन्हा खोचली.

"बाबा, एक बोलू?"

"बोल की."

"तुम्हाला राग येईल."

"तुझा राग कधी आलाय मला?"

"तेच तर," ती म्हणाली. "तुम्हाला माझा राग आला असता तर सोपं झालं असतं." तिचा आवाज कार्यक्रमानं बसला होता. "मी वर उभी राहते, समोर बघते, आणि तुम्ही खांबाला टेकून उभे असता. मग मी लगेच त्या घरात जाते. स्वयंपाकघरात. मी अजून कोणाची तरी सून असते. लोक ओरडतात ना सासरेबुवा, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. त्यांना काय माहीत. नाव मीच दिलंय."

सासरेबुवांनी गाडीच्या दाराची कडी उगाचच वरखाली केली.

"म्हणजे मी येऊ नको."

"मी असं कसं सांगू तुम्हाला?"

"सांगितलंस की," ते म्हणाले. लागट नाही, अगदी साधेपणानं. "बरं झालं सांगितलंस. मी आपला येत राहिलो असतो. मला कळलंच नसतं."

ती रडायला लागली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि अर्ध्यातून मागे घेतला. आता तो हात कोणत्या नात्यानं ठेवायचा, हे त्यांना ठरवता येईना.

"नाही येणार, शब्द देतो," ते म्हणाले. "गाडी मात्र नेत जा. खिळ्याकडे किल्ली देतो."

त्यानंतर गाडी जायची, ते जायचे नाहीत. खिळा किल्ली न्यायला यायचा तेव्हा ते त्याच्या हातात पाव-अंड्यांची पुडी द्यायचे. तो म्हणायचा, "चला ना, मागे उभे राहा, तिला दिसणार नाही." ते मान हलवायचे. दुसऱ्या बँडांना मात्र ते जात राहिले, सुनेचा बँड नसेल त्या दिवशी. बस पकडून, एकटे. लोक विचारायचे, "सासरेबुवा, आज सूनबाई नाहीत?" ते म्हणायचे, "आज मला सुट्टी." वाजवणारी पोरं मेहनत करायची, काही चांगलीही होती. पण ऐकता ऐकता त्यांचं लक्ष उडायचं. दोन गाण्यांच्या मध्ये दाढीवाला कधीतरी सुनेच्या बँडचं रेकॉर्डिंग लावायचा. मग ते पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जाऊन उभे राहायचे. शब्द दिला होता तो फक्त कार्यक्रमांना न येण्याचा, पण त्यांना तेही चोरून ऐकल्यासारखं वाटायचं.

थंडी सरता सरता खिळा किल्ली परत द्यायला आला आणि दारातच घुटमळला.

"बँड बंद करतोय आम्ही," तो म्हणाला. "तिला परदेशात काम मिळालंय. शाळेत गाणं शिकवायचं. येत्या रविवारी शेवटचा कार्यक्रम. संध्याकाळी."

सासरेबुवा खुर्चीवर बसले. "बरं आहे का काम?"

"बरं आहे म्हणते. तुम्ही येणार ना?"

"तिनं सांगितलंय मला बोलवायला?"

खिळ्याला खोटं बोलता येत नव्हतं. "तिनं कोणालाच काही सांगितलं नाही. आजकाल ती फार बोलतच नाही."

"मग नाही."

"अहो, शेवटचा आहे!"

"शेवटच्या दिवशी तिच्या पोटात गोळा कशाला आणू?"

रविवारी ते घरीच थांबले. नव्या सुनेचे दिवस भरत आले होते आणि बाळासाठी आणलेली लाकडी पलंगडी अजून खोक्यात होती. बापलेक जमिनीवर बसून ती जोडत होते. मुलगा पट्ट्या धरत होता, सासरेबुवा स्क्रू पिळत होते. एक स्क्रू त्यांनी इतका पिळला की लाकूड करकरलं.

"बाबा," मुलगा खाली बघतच म्हणाला, "आज तिचा शेवटचा कार्यक्रम आहे ना? ऑफिसच्या रस्त्यावर कागद चिकटवलाय." मग त्यानं पट्टी खाली ठेवली. "जायचं असेल तर जा. मी काही म्हणणार नाही. सोडतो हवं तर तुम्हाला."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याच्या कानशिलावर केस पिकायला लागले होते. एवढं बोलायला त्याला किती जड गेलं असेल, ते त्यांना दिसलं. तिला शब्द देण्याआधी हा असा बोलला असता तर ते धावत गेले असते.

"नको. दुसरी पट्टी दे," ते म्हणाले. "ही उलटी लागलीय."

फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. आवाज इतका बसलेला होता की आधी त्यांनी ओळखलाच नाही.

"बाबा, तुम्ही आला नाहीत."

"अगं, तूच म्हणाली होतीस."

पलीकडे मागे कोणीतरी खोकी सरकवत होतं.

"हो. मीच म्हणाले होते." मग ती म्हणाली, "मी दाराकडे बघत होते. शेवटच्या गाण्याआधी इतका वेळ थांबले की खिळा म्हणाला, चल, लोक खोळंबलेत. मला वाटलं, तुम्ही तरी माझं ऐकणार नाही."

आजवर सासरेबुवांनी घरात सगळ्यांचं ऐकलं होतं. बायकोचं, मुलाचं, हिचं. त्यात काही चूक असू शकते, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"कसा झाला?" अखेर त्यांनी विचारलं.

"चांगला झाला. लोक खूप होते. बँड जिवंत असताना आले नाहीत ते सगळे आले." ती हसायला गेली आणि खोकली. "तुम्हाला आवडला असता."

"आवडलाच असता."

"बाबा, खाली टॅक्सी आलीय."

"जा. कान सांभाळ. आणि पोचलीस की कळव."

"कळवते."

तिनं कळवलं नाही. दोन दिवसांनी नवी सून बाळंत झाली, मुलगी झाली, आणि घरात कोणाला श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. मधूनच सासरेबुवा फोन हातात घ्यायचे, तिचं नाव काढायचे, आणि तिथे आता दिवस असेल की रात्र हे न कळून तो खाली ठेवायचे. खिळ्यानं ड्रम विकले आणि वाद्यांच्या दुकानात कामाला लागला. शेवटच्या कार्यक्रमाला नेलेली गाडी त्यानं महिन्याभरानं आणून दिली. धुऊन, पुसून आणली होती. सासरेबुवांनी मागचं दार उघडून पाहिलं. आत काहीच नव्हतं, स्पीकरवर टाकायची चादर तेवढी होती घडी करून ठेवलेली. ती त्यांनी घरात आणली आणि धुवायच्या कपड्यांत टाकली.