पुलावरून गेलेली पहिली गाडी

आमच्या पेपरच्या दुसऱ्या पानावर, हवामानाच्या चौकटीखाली, 'दिनविशेष' नावाचं सदर येतं. आजच्या तारखेला काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. अठ्ठावीस वर्षं ते मी लिहितो आहे. ऑफिसात मला कॅलेंडर म्हणतात. वर्षं उलटली तरी हे भिंतीवरून उतरत नाही, असंही माझ्या पाठीमागे म्हणतात, आणि माझे कान शाबूत आहेत हे विसरतात.

लोकांना हे काम सोपं वाटतं. मोबाइल उघडायचा आणि उतरवून काढायचं. तसं करणारे तीन जण माझ्या हाताखाली येऊन गेले. एकाने एका शास्त्रज्ञाला जन्माच्या चार वर्षं आधी मारलं होतं. माझा नियम साधा आहे : दोन पुरावे असल्याशिवाय ओळ छापायची नाही. एक पुरावा म्हणजे ऐकीव गोष्ट. आणि दुसरा नियम, सदर घरचं नाही. पेपरच्या मालकांच्या आईचा जन्मदिवस घालायला मी एकदा नकार दिला होता. मालक महिनाभर माझ्याकडे बघत नव्हते. माझं काही अडलं नाही.

या दोन्ही नियमांना मी एका ओळीपुरता हरताळ फासला होता, हे मला यंदाच्या ऑक्टोबरात कळलं.

ती ओळ वीस ऑक्टोबरची. 'नदीवरील नव्या पुलाचे उद्घाटन. पहिली गाडी पुलावरून गेली.' माझ्या आधी सदर लिहिणाऱ्या गृहस्थांच्या वहीतून ती जशीच्या तशी आली आणि मी एकदाही तपासली नाही. कारण ती मला लहानपणापासून पाठ होती. आमची आई ताईला म्हणायची, "तू झालीस ना, त्या दिवशी पुलावरून पहिली गाडी गेली." ताई माझी थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, ताई नऊची. आईचं म्हणून जे काही आमच्याकडे उरलं, त्यात हे एक वाक्य होतं. ताईच्या शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, पण ती शाळा उघडण्याची तारीख. गुरुजींनी अर्ध्या वर्गाला तीच देऊन टाकली होती. म्हणून आम्ही पुलावरून हिशेब लावला आणि तिचा वाढदिवस वीस ऑक्टोबरला ठरला.

ठरला म्हणजे मी ठरवला. ताईने तो कधी मानला नाही. दर वर्षी वीस तारखेला सकाळी मी फोन करतो आणि ती म्हणते, "पुलाचा वाढदिवस आहे, पुलाला फोन कर."

तिचा राग पुलावर नव्हता, बाबांवर होता. आई गेल्यावर आमची आत्या दुसऱ्या गावाहून आम्हाला सांभाळायला आली. तिने एकदा बोलता बोलता सांगितलं, "तू झालीस तेव्हा तुझा बाप पुलावर होता." ताईच्या मनात ते रुतून बसलं. बायको अडलेली, आणि हा माणूस फीत कापलेली बघायला गेला! तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिने बाबांना तोंडावर विचारलं, "मी जन्मले तेव्हा तुम्ही कुठे होता?" बाबा लाकडाच्या वखारीत ओझी वाहायचे. दिवसाकाठी दहा शब्द बोलले तर खूप. ते म्हणाले, "पुलावर होतो, बाळ."

तेव्हापासून ती त्यांना 'तुझे बाबा' म्हणते, जणू आमचे दोघांचे दोन वेगळे होते. त्यांच्या शेवटच्या आजारपणात तिने सगळं केलं, दोन महिने स्वतःचं घर सोडून येऊन राहिली. पण पथ्याचं ताट ठेवून लगेच बाहेर जायची. त्यांच्या उशाशी बसलेलं मी तिला पाहिलं नाही.

यंदा ताईला पंचाहत्तर पूर्ण होणार. तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, महिनाभर आधीच मला फोन केला. "मामा, आईचा वाढदिवस करायचाय, पण ती ऐकत नाही. तुम्ही समजवा."

मी समजवायला गेलो. ताई गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

"पंचाहत्तरी कुणाची?" ती म्हणाली. "मला तारीखच नाही."

"वीस ऑक्टोबर."

"ती तुझ्या पेपरची तारीख. ज्या दिवशी तुझ्या बाबांना मला बघायला सवड नव्हती, त्या दिवसाचं कौतुक मी करू?" तिने एक चादर इतक्या जोरात झटकली की माझा चष्मा ओला झाला. "आयुष्यात कधी वाढदिवसाला काही आणलं? आणायचे त्या चपला. वर्षाच्या चपला, दुसरं काही नाही. आणि त्या अशा कडक की दर वर्षी पुलाच्या दिवशी जत्रेला सगळ्या पोरी नाचत जायच्या आणि मी लंगडत. चिमटे दे."

मी चिमटे दिले. बहिणीपुढे माझं शहाणपण चालत नाही, हे मला साठाव्या वर्षीच कळलं होतं.

पुलालाही यंदा पंचाहत्तर वर्षं होत होती. आमच्या संपादकबाई, वयाने माझ्या भाचीपेक्षा लहान, म्हणाल्या, "काका, वीस तारखेला नुसती ओळ नको. अर्धं पान करू. जुन्या अंकांतून काय मिळतंय बघा ना." म्हणून पंधरा तारखेला मी तळघरातल्या फाइल-खोलीत उतरलो.

तिथे जुने अंक वर्षावार बांधून ठेवले आहेत. कागद इतके पिकलेत की पान उलटलं तर कोपरा हातात येतो. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशीचा, एकवीस ऑक्टोबरचा अंक भरगच्च होता. साहेब, फीत, हारतुरे, साहेबांची काळी मोटार पुलाच्या मधोमध. मी टिपणं काढली. मग, सवय म्हणून, आदल्या दिवसांचेही अंक चाळले. तयारीची एखादी गमतीची बातमी मिळाली तर चौकट सजते.

अठराच्या अंकात, चौथ्या पानावर, तेलाच्या जाहिरातीखाली सहा ओळी होत्या.

'पुलावरील रखवालदार कामावरून दूर. येत्या २० तारखेस खुल्या व्हावयाच्या नव्या पुलावरून काल पहाटे एक हातगाडी नेण्यात आली. पुलावरील रखवालदारानेच आडवा बांबू काढून, खडी वाहण्याच्या गाडीवर घालून आपल्या अडलेल्या पत्नीस पैलतीरीच्या दवाखान्यात नेले, असे समजते. नदीस पाणी फार असल्याने नाव बंद होती. उद्घाटनापूर्वी कोणासही सोडू नये असा सक्त हुकूम असल्याने सदरहू इसमास कामावरून दूर करण्यात आले. मुलगी झाली असून दोघी सुखरूप आहेत.'

सदरहू इसमाचं नावही त्यात होतं, इथे मी ते गाळलंय. आडनावात एक काना जास्त पडला होता, पण माणूस आमचाच होता.

मी स्टुलावर बसलो. आत्या बरोबरच सांगत होती, बाबाही खरंच बोलले होते. बाबा पुलावर होते. कुणी रेल्वेत असतो, कुणी धरणावर असतो, तसे ते पुलावर होते, कामाला. आणि आई 'गाडी' म्हणाली होती. मोटार आम्ही मनाने घातली. अठ्ठावीस वर्षं मी दुनियेच्या तारखा दोनदोनदा तपासल्या, आणि जिच्यापायी माझ्या बहिणीचं अख्खं आयुष्य कडवट झालं, ती ओळ घरची म्हणून तशीच छापत राहिलो. मला स्वतःची लाज वाटली, आणि बाबांची इतकी आठवण आली की तळघरात कुणी नाही हे बघून मी रडून घेतलं.

सोळा तारखेला सकाळी त्या पानाची झेरॉक्स घेऊन ताईकडे गेलो. ती शेंगा सोलत होती. मी कागद तिच्यासमोर ठेवला. तिने चष्मा लावला, वाचला, परत पहिल्यापासून वाचला. मग कागद बाजूला सारून पुन्हा शेंगा सोलायला लागली.

"पेपरात काय, काहीही छापतात," ती म्हणाली. "तूच म्हणतोस."

"नाव आहे, ताई."

"आडनाव चुकलंय."

"एक काना जास्त आहे."

"मग? दोन पुरावे लागतात ना तुला? दुसरा कुठाय?"

दुसरा माझ्याकडे नव्हता. दवाखाना कधीच पाडला गेला, तिथे आता गाड्यांचं गॅरेज आहे. आत्या नाही, आई नाही, बाबा नाहीत. मी तसं सांगितलं.

"आणि खरं असतं तर बोलले नसते?" तिचा आवाज चढला. "मी तोंडावर विचारलं होतं. तेव्हा सांगायला काय झालं होतं? एवढं माझ्यासाठी केलं, तर सांगायचं की!"

हाच प्रश्न मी रात्रभर स्वतःला विचारला होता.

ती सोलत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "नोकरी गेली होती रे त्यांची."

"हो."

"पक्की नोकरी. नंतर जन्मभर वखारीत पाठ मोडली." तिने हातातली शेंग खाली ठेवली. "आत्याला त्यांनी काय सांगितलं होतं, आठवतंय? आधीचं काम संपलं, म्हणून वखारीत. माझ्यामुळे गेली हे तिला कळलं असतं, तर तिने मला काय म्हटलं असतं?"

मला माहीत होतं. आत्या मायाळू होती, पण शेजारची सून आल्यावर त्यांची म्हैस मेली, तर त्या सुनेला आत्याने दहा वर्षं पांढऱ्या पायाची म्हणून नावं ठेवली होती.

"पांढऱ्या पायाची," ताईच म्हणाली. "उठता-बसता ऐकवलं असतं. मला नसेल ऐकू द्यायचं त्यांना." ती पुन्हा कागदाकडे बघायला लागली. "म्हणून आई ते गाडीचं सांगायची. उलटं करून. म्हणजे माझ्या पायगुणाने पूल सुरू झाला, असं."

मग ती एकदम थांबली. तिने कागद पुन्हा जवळ ओढला.

"कितवी तारीख आहे यात?"

"अंक अठराचा. काल पहाटे म्हणजे सतरा."

"सतरा. आणि पूल वीसला." तिने बोटांवर मोजलं. "नव्या चपलेने पहिल्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी लाल होतं. तिसऱ्या दिवशी फोड येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे मी पुलाच्या दिवशीच का लंगडायचे? दर वर्षी? चपला सतराला यायच्या, बाळ्या! उंबऱ्याच्या आत ठेवलेल्या असायच्या, सकाळी उठले की. मी म्हणायचे वीसला बाजार बंद असतो म्हणून आधी आणून टाकतात. दर वर्षी सतराला. नऊ वर्षांची होते तेव्हापासून लग्नापर्यंत, एक वर्ष चुकलं नाही."

एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला. मी सत्तरीला आलेला माणूस, तिच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि उगाच शेंगा सोलायला लागलो. टरफलं दाण्यांत टाकत होतो. तिने ती मुकाट्याने वेचून काढली.

दुपारी ऑफिसात जाऊन दुसऱ्या दिवसाचं सदर लिहिलं. एका राजाचं सिंहासन गेलं होतं, एका चित्रकाराचा जन्म होता, कुठे पहिला तारायंत्राचा निरोप गेला होता. 'घटना'च्या खाली मी एक ओळ घातली आणि संपादकबाईंकडे नेलं.

त्यांनी वाचलं. "काका, पूल वीसला ना? ही सतराला कसली गाडी?"

"हातगाडी."

"पुरावे?"

"दोन आहेत. एक आपलाच अंक."

"आणि दुसरा?"

"चपला," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी नाक पुसलं, मग म्हणाल्या, "'जन्म'मध्येही घालू या का? ताईंचं नाव?"

"नको," मी म्हणालो. "सदर घरचं नाही." तेवढा एक नियम तरी शाबूत ठेवावा असं मला वाटलं. जन्माखाली चित्रकार एकटाच राहिला.

सतराला सकाळी सात वाजता फोन वाजला. आजवर ताईने स्वतःच्या वाढदिवसासाठी मला कधी फोन केला नव्हता. मी हॅलो म्हणायच्या आत ती बोलायला लागली.

"पेपर आला."

"वाचलास?"

"'नदीवरील नव्या पुलावरून पहिली गाडी गेली.' बरोबर छापलंयस. काना-मात्रा ठीक आहे." मग म्हणाली, "आज माझा वाढदिवस आहे."

"हो, ताई."

"संध्याकाळी ये. लेकीला सांगितलंय, काय करायचं ते कर म्हणून. आणि येताना चपला आण. पाच नंबर."

"मऊ बघून आणतो. आता छान मिळतात, आत गादी असलेल्या."

"गादी नको," ती म्हणाली. "आपले बाबा आणायचे तशा आण. चावल्या तरी चालतील."