धूर खाणारी शेगडी

हिवाळ्यात आमच्या खोऱ्यात हवा बसते. बसते म्हणजे खरंच बसते, थकलेलं जनावर बसावं तशी, आणि उठायचं नाव घेत नाही. वर टेकड्यांवर थोडी ऊब असते, खाली नदीकाठी उणे चाळीस. घराघराचा धूर सरळ वर निघतो, थोडा चढतो, मग कुठल्याशा न दिसणाऱ्या झाकणाला डोकं लागून आडवा पसरतो. भरदुपारी दिवे लावून गाड्या चालतात. अशा वेळी सगळ्यांच्या फोनवर संदेश येतो, की हवा वाईट आहे, जुन्या शेगड्या पेटवू नका.

एफीच्या घरातली शेगडी जुन्यातली जुनी होती. तेलाचं रिकामं पिंप आडवं करून, त्याला पाय आणि लोखंडी दार लावून तिच्या नवऱ्याने, विल्मरने, ती बनवली होती. त्याचं दुखणं वाढलं तेव्हा दोघं युकॉन नदीकाठचं गाव सोडून इथे लेकीकडे, लॉर्नाकडे, राहायला आली, आणि येताना पिंपही आणलं. विल्मर गेला त्याला आता दुसरा हिवाळा.

एफी जेवायला बसायची ती शेगडीचं दार उघडूनच. पानातला पहिला घास विस्तवात. कधी मूसची, म्हणजे इकडच्या मोठ्या हरणाची, चरबी, कधी सॅल्मन माशाच्या सुक्या पट्टीचा तुकडा. "हे घे," एवढंच म्हणायची. मग दार लावायची आणि आपण जेवायची. आमच्याकडे गेलेल्या माणसाला असंच जेवू घालतात. विस्तव घेतो, धूर नेतो. एफीच्या आईने असंच केलं, तिच्या आईनेही.

पण पिंपाच्या धुराबद्दल कुणीतरी तक्रार केली. हवेच्या प्रदूषणावर नजर ठेवणाऱ्या कार्यालयातला माणूस दारात उभा राहून, बुटांवरचं बर्फ झटकत, अगदी गोड शब्दांत सांगून गेला: ह्याच हिवाळ्यात बदला.

"तूच चल निवडायला," लॉर्ना आईला म्हणाली. ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती, आठवड्यातल्या निम्म्या रात्री तिथेच जायच्या. "शेगडीपाशी दिवसभर तूच बसणार."

दुकानदाराचं नाव क्लेटन. लालसर दाढी, हातावर भाजल्याचे जुने डाग. घर केवढं, लाकूड कुठलं, रात्री कोण उठतं, असं सगळं त्याने विचारून घेतलं आणि त्यांना दोन शेगड्यांसमोर उभं केलं. दोन्ही पेटलेल्या होत्या, दोन्हींच्या दाराला काच.

"ही पहिली. हिच्या आत वरच्या बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी आहे. धूर त्या जाळीतून जाताना जळतो. संध्याकाळी भरा, सकाळपर्यंत बघायला नको. ही दुसरी साधी. हिला जाळी नाही, वर भोकं पाडलेल्या नळ्या आहेत. भोकांतून तापलेली हवा येते, धूर तिथंच पेट घेतो. पण ही झपाट्याने जळते, रात्री एकदा उठून लाकूड घालावं लागतं. संदेश आला तरी ह्या दोन्ही पेटवायची परवानगी मिळते."

"धूर जळतो म्हणजे?" एफीने विचारलं.

"धूर म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूडच की, आजी. ही शेगडी तोसुद्धा खाते."

"मग बाहेर काय जातं?"

"काही नाही म्हटलं तरी चालेल." क्लेटनला ह्या वाक्याचा अभिमान होता. "बाहेर जाऊन बघा. दुकानात विस्तव आहे की नाही, धुराड्यावरून ओळखायचं नाही कुणाला."

एफी बाहेर गेली. टोपी मागे सारून धुराड्याकडे बघत राहिली. वर निळसर आकाश होतं आणि धुराड्याच्या तोंडाशी हवा थोडी थरथरत होती, बाकी काही नाही. ती आत परतली नाही. गाडीत जाऊन बसली.

लॉर्ना आली, दार लावून घेतलं. "काय झालं?"

"नको ही."

"कुठली नको?"

"दोन्ही."

"आई, तिसरी नाहीये."

"धूर खाते म्हणतो तो. मग तुझ्या बापाचं काय?"

लॉर्नाच्या हातात किल्ली तशीच राहिली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. रोज डोळ्यांदेखत होत असलेली गोष्ट, तिच्यात कोण काय करतं हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"मला वाटलं, विस्तवात पडलं की पोचलं," ती म्हणाली.

"विस्तव घेतो. न्यायला धूर लागतो." एफीने हातमोजे चढवले. "बर्फ वितळलं की मी गावी जाते. तिथं कुणी कुणाचा धूर मोजत नाही."

"आणि हृदयाचं काय करणारेस? तिथे डॉक्टर महिन्यातून एकदा विमानाने येतो. तोही हवा चांगली असली तर."

"हृदय त्याचं काम करतंय."

"करतंय, कारण मी तुला तपासायला घेऊन जाते."

"तू नेतेस म्हणून नाही. मी येते म्हणून."

ह्यावर लॉर्नाने गाडी सुरू केली.

घरी आल्यावर एफीने गावी बहिणीला फोन लावला. बेसी थोरली, ऐकायला कमी येणारी, म्हणून स्वतःही मोठ्यानेच बोलणारी. लॉर्नाला स्वयंपाकघरातून दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"ताई, धूर नसेल तर पोचतं का गं?"

"कुणाला, विल्मरला? तो कधी वेळेवर जेवायला आलेला पाहिलायस का तू?"

"थट्टा नको."

"थट्टा कुठली. मासे धुरी द्यायला टांगायचे म्हटलं की तुझा नवरा डोळे चोळत पहिला बाहेर. बिनधुराचं जेवण म्हणजे सुटला म्हणायचा बिचारा."

"तुला माहीत आहे, की आपलं उगाच बोलतेस?"

मग बेसीचा आवाज खाली आला. "माहीत नाही, एफी. आईच्या वेळी असली शेगडी नव्हती. आता विचारायचं तरी कुणाला? ज्यांना कळतं ती सगळी तिकडे. आणि तिकडचं कुणी फोन उचलत नाही."

त्याच आठवड्यात हवा बसली. संदेश आला, दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, मग येतच राहिला. पिंप गार पडलं. कोपऱ्यातला तेलाचा हीटर एका सुरात गुणगुणत राहिला, घर उबदार राहिलं. एफी पानावर बसली, पहिला घास उचलला, पिंपाकडे पाहिलं आणि घास पानाच्या कडेला ठेवला. बाकीचं थोडंसं चिवडलं. रात्री तेच, दुसऱ्या दिवशीही तेच.

"हीटरवर ठेवू का?" लॉर्नाने विचारलं. तिचं तिलाच ते विचित्र वाटलं.

"ते तेल आहे. तेलाला काय कळतंय."

"मग पेटव पिंप. एकदाच. दंड झाला तर मी बघते."

एफी खिडकीपाशी गेली. पलीकडच्या घरातली बाई लेकराला गाडीत बसवत होती. लेकरू खोकत होतं. खोकून झालं की श्वास घेत होतं, आणि श्वास घेतला की पुन्हा खोकत होतं. बाई त्याच्या तोंडावरचा रुमाल सारखा नीट करत होती.

"रोज ऐकते मी हे," एफी म्हणाली. "माझ्या माणसाचं जेवण त्या पोराच्या छातीतून जायचं असेल तर विल्मरला ते चालायचं नाही."

"बाबांना चालायचं नाही, की तुला?"

"त्याला चालत नाही ते मला माहीत असतं. एवढी वर्षं काय केलं मग मी?"

म्हणजे पेटवता येत नव्हतं आणि उपाशी ठेवता येत नव्हतं. लॉर्ना ताटं उचलत राहिली. आईच्या ताटातलं अन्न दिवसेंदिवस जास्त उरत होतं, आणि त्यावर काही बोलायची सोय नव्हती. तिने मनात हिशेब मांडला: बर्फ फुटून नदी मोकळी व्हायला अजून अर्धा हिवाळा आहे, आणि नदी मोकळी झाली की आई जाणार. तिथल्या वाटेवर एखाद्या दिवशी ती छातीला हात लावून खाली बसेल. विमान यायला वेळ लागेल.

हवा तशीच बसलेली असताना एका सकाळी एफी अंगावर कोट चढवून दाराशी उभी राहिली. "दुकानात ने."

"कशाला? घ्यायची नाही म्हणालीस ना?"

"घ्यायची नाहीये. बघायचीय."

क्लेटनने त्यांना ओळखलं. कॉफीचे कप आणून ठेवले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. एफीने स्टूल ओढलं आणि पहिल्या शेगडीसमोर बसली. काच काळपट होती. तळाशी लाल निखारे झोपेत असल्यासारखे.

"हिच्यात काही दिसत नाही," ती म्हणाली.

"तिचं काम आत, जाळीत चालतं," क्लेटन तिकडून म्हणाला. "मंद जळते, तेच तर तिचं वैशिष्ट्य."

एफीने स्टूल दुसरीसमोर नेलं. इथे बर्चचे ओंडके मोकळेपणी पेटले होते. तिने खिशातून कागदाची पुडी काढली, त्यातून बोटभर सुका सॅल्मन. मग दाराची मूठ फिरवली. आधी फट, जरा थांबून पूर्ण दार, जन्मभर उघडलं तसं, धुराची एक वळीही खोलीत येऊ न देता. तुकडा ओंडक्यांच्या मधोमध ठेवला.

"आजी, नाही, नाही," क्लेटन गिऱ्हाईक सोडून आला. "त्यात लाकडाशिवाय काही घालायचं नसतं. उष्टंमाष्टं, कचरा, काही म्हणजे काही नाही."

"कचरा नाही हा. माझ्या नवऱ्याचा आहे."

क्लेटनने दाराकडे पाहिलं. कुणी आत येतंय का, असं.

"वारले ते," लॉर्ना म्हणाली.

क्लेटन एक पाऊल मागे सरला. एफीने दार लावलं आणि काचेशी वाकली.

माशाची कातडी आधी आखडली. मग तिच्यातून चरबीचा थेंब निघाला, फुगला, फुटला. तुकड्यावरून धुराचा बारीकसा धागा वर निघाला, पोरीच्या केसाएवढा. तो शेगडीच्या छपरापर्यंत गेला नाही. वरच्या नळ्यांच्या भोकांशी ज्वाळा उलट्या टांगल्यासारख्या नाचत होत्या, कडेला निळ्या, आत सोनेरी. त्यांतली एक खाली वाकली, धाग्याला भिडली, आणि धागा तिथे संपला. पुन्हा धागा, पुन्हा ज्वाळा. एफीने आजवर विस्तवात जे जे घातलं ते लोखंडी दाराआड गेलं होतं. द्यायचं, दार लावायचं आणि मानायचं. घेताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

तुकडा गेला. राखेवर एक वाकडी काळी रेघ राहिली, मग तीही गेली.

"काय छान वास सुटलाय," पलीकडचं गिऱ्हाईक म्हणालं. "खायला ठेवता का इथे काही?"

"ही घ्यायची," एफी लॉर्नाला म्हणाली.

"आई, रात्री उठावं लागेल हिच्यासाठी. मी कामावर असते. तुला झोप लागते का नाही, हृदय..."

"म्हाताऱ्या माणसाला रात्री तशीही दोनदा उठायचं असतंच. त्यात लाकूड घालीन."

"ती पहिली एकदा भरली की..."

"पहिलीत तर हे जमायचंच नाही," क्लेटन मध्येच म्हणाला. मग आपण भलत्याच बाजूने बोलतोय असं वाटून तो दाढी खाजवू लागला. "मासा खारवलेला होता ना? मिठाने ती जाळी मरते. हिच्यात मरायला जाळीच नाही. तरी नियम दोन्हींना एकच आहे. सुकं लाकूड, बस. त्यामुळे आत्ता मी काही पाहिलेलं नाही."

"मी पाहिलं," एफी म्हणाली.

लॉर्नाने आईकडे पाहिलं. एफीचं तोंड विस्तवाने लाल झालं होतं. ती कपातली कॉफी घोट घोट पीत होती, सोबत दिलेलं बिस्किटही तिने खाल्लं होतं. लॉर्नाने विचारलं, "बसवायला कधी येता?"

"हवा मोकळी झाली की. आणि लाकूड?"

"यंदाच्या पानगळीत तोडलंय," लॉर्ना म्हणाली.

"म्हणजे ओलं. ओलं घातलंत तर हीसुद्धा पिंपासारखीच धुमसेल, सांगून ठेवतो. हे वर्ष सुकलेलं विकत घ्या. तुमचं फोडून, रचून, वरून झाकून ठेवा. पुढच्या वर्षी चालेल."

पुढच्या वर्षी, ह्या शब्दांवर एफी काही म्हणाली नाही. लॉर्नाच्या ते लक्षात आलं आणि तिनेही विषय काढला नाही.

शेगडी बसली. पिंप पुन्हा कुणी पेटवू नये म्हणून कार्यालयाची माणसं ते कापायला घेऊन गेली. एफीने दार उघडं धरलं, पायरीवर बर्फ आहे, जपून, एवढं त्यांना म्हणाली. संध्याकाळी तिने मूसचं कालवण केलं, चरबीचा तुकडा काढून ठेवला, आणि काचेसमोर बसली. लॉर्नाचं जेवण झालं तरी ती बसूनच होती. मग तिचंही ताट रिकामं झालं. त्यानंतर तिने बेसीला फोन लावला.

"पोचलं का?" बेसीने पहिलंच विचारलं.

"ते नाही सांगता येत. घेतलं, एवढं दिसलं."

"घेतलं म्हणजे कसं?"

"वरून वाकून घेतलं. घाईने. जरा भांडल्यासारखं."

"मग विल्मरच," बेसी म्हणाली. "काय होतं?"

"चरबी."

"त्याला पाठीकडचा भाग आवडायचा."

"तो उद्या."

"बरं. नदी मोकळी झाली की येतेस ना? खोली झाडून ठेवते. आता इथेच राहणार म्हणालीस."

एफीने फोन दुसऱ्या कानाला लावला. स्वयंपाकघरात लॉर्ना भांडी विसळायची थांबली. नळ तिने बंद केला.

"मासे धरायला येईन," एफी म्हणाली. "पट्ट्या करू, धुरी देऊ. मग परत यायला हवं. इथं बर्चचा एवढा ढीग पडलाय फोडायचा, आणि लॉर्नाला कुऱ्हाड धरता येत नाही."