दुधाचं लिटर, मांजराचं लिटर

“पास,” मावशी म्हणाली आणि तिसऱ्या टबावर वाकलेली सरळ झाली.

“पास काय पास? माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय.”

“तुझं नाक जरा जास्तच नाजूक आहे.”

गॅलरीत चार टब होते. माती, लाकडाचे गोळे, फाडलेला कागद, वाळू. गुंड्या, म्हणजे आमचा बोका, कशात जातो आणि कशाचा वास कमी येतो, ते बघायचं होतं. खालच्या घरमालकीणबाईंनी बजावलं होतं, रविवारपर्यंत वास गेला नाही तर एकतर बोका जाईल, नाहीतर तुम्ही. मी घरीच मोबाईल दुरुस्त करतो, त्यामुळे बोलणी मलाच. मावशी पहाटेच डेअरीत जाते. तिथे कॅनचं झाकण उघडलं की वाकायचं, वास घ्यायचा आणि सांगायचं, पास किंवा नापास. मशीन नंतर, आधी मावशीचं नाक. अख्खी डेअरी तिला नाकमावशी म्हणते.

“दुधाचं लिटर ऐकलं होतं,” पहिल्या दिवशी ती हसली होती. “मांजराचंही लिटर असतं होय?”

असतं, मांजराच्या शी-शूच्या टबात घालतात ते. आणि त्याने माझ्या नाकी नऊ आणले. मातीच्या दाण्यांचे गठ्ठे मस्त होतात, उचलायला सोपे. पण गुंड्याच्या पायांचे पांढरे ठसे थेट माझ्या टेबलावर, उघड्या मोबाईलमध्ये धूळ. लाकडाचे गोळे वास गिळतात, ओले झाले की भुसा होऊन खाली बसतात. पण गुंड्या त्यावर एक पाय ठेवून असा बघायचा, जणू मी त्याला खिळ्यांवर उभं करतोय. वाळू त्याला आवडली. मग ती अंथरुणात, चपलेत, चहाच्या कपात. कागद सगळ्यात वाईट. सकाळी घातला की दुपारी वासाने जीव नकोसा.

आणि मावशी सगळंच पास करत होती.

मला एका जागी बसवेना. शनिवारी कागदाचा टब मोरीत नेला, साबणाने घासला, उन्हात वाळवला आणि त्यात नवा कोरा कागद फाडून ठेवला. शेवटची संधी म्हणून. तेवढ्यात मावशी कामावरून आली.

“मावशी, कागदाचं बघ गं एकदा.”

ती वाकली आणि लगेच नाक दाबलं. “शी! फेक ते. नापास. तूच म्हणत होतास ना, बरोबर होतं तुझं.”

गुंड्या आला, टबात शिरला आणि चक्क अंग मुडपून झोपला. मावशीने त्याच्याकडे बघितलं. मग हात घालून कागद चाचपला.

“कोरा आहे?”

“हो.”

ती स्टुलावर बसली. “त्या तापात वास यायचा बंद झाला. वाटलं, येईल परत.”

“म्हणजे हिवाळ्यात ताप आला होता तेव्हापासून? मावशी!”

“ओरडू नकोस, खाली ऐकू जाईल.”

“खाली सगळंच जातंय! डेअरीत काय करतेस मग?”

“चेहरे बघते.” हे सांगताना ती जरा खुलली. “खराब दूध आणणारा स्वतः झाकण उघडत नाही. कॅन पुढे ढकलतो आणि माझ्या तब्येतीची चौकशी करतो. अजून चुकले नाही मी.”

“आणि ज्याला स्वतःलाच माहीत नसेल, दूध नासलंय ते?”

मी आत गेलो, बाहेर आलो, परत आत गेलो. ती तिथेच.

“पोरं पितात गं ते दूध.”

“कळतं मला.” तिने गुंड्याच्या अंगावरचा कागद झटकला. “नाकमावशीचं नाक गेलं की नुसती मावशी उरते रे. नुसत्या मावशीला कोण विचारतो?”

रविवारी पहाटे तिच्याबरोबर डेअरीत जायला मी न विचारताच चपला घातल्या. निघताना लाकडाच्या गोळ्यांवर दोन मुठी वाळू पसरली. गुंड्याने हुंगलं, उकरलं आणि बसला. घरमालकीणबाईंचा प्रश्न सुटला. मावशीने बघितलं आणि जिना उतरायला लागली.

डेअरीच्या ओट्यावर कॅनची रांग लागलेली. पहिलाच दूधवाला ओरडला, “काय नाकमावशी, आज बॉडीगार्ड घेऊन?”

“भाचा आहे माझा.”

त्याने झाकण स्वतःच उघडलं. चेहरा अगदी स्वच्छ. मावशी वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

ती सरळ झाली. “मला वास येत नाही.”

सुपरवायझर हातातले कागद चाळत होता. “सर्दी झाली असेल, मावशी. चालतंय.”

“सर्दी नाही. वासच गेलाय, हिवाळ्यापासून. दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या.”

मागे कोणीतरी हसलं, बाकी कोणी हसलं नाही. सुपरवायझरने इकडेतिकडे बघितलं, जणू जास्तीचं नाक तिथेच कुठेतरी ठेवलेलं असेल. मग पेन खिशाला लावून तो स्वतः पुढे आला, वाकला.

“पास,” तो म्हणाला. म्हणाला कसला, विचारलंच.

दुसरा कॅन पुढे आला. त्याचं झाकण घट्ट बसलेलं. सुपरवायझर दोन्ही हातांनी ओढतोय, ते हलेना. मावशीने त्याला बाजूला केलं, झाकणाच्या कडेवर तळव्याने एक फटका मारला, झाकण उचललं आणि त्याला वाकता यावं म्हणून मागे सरकली.

मग पुढचा कॅन. मग त्यापुढचा. रांग संपेपर्यंत ती झाकणं उघडत राहिली. वाकली मात्र एकदाही नाही.